ह्यांनी सोडलेले मासे

१६ जुलै, बुधवार

— आणि मी कणीक भिजवून झाकून ठेवली होती, चहाची भांडी विसळली होती, हिरवं बिन रस्त्याच्या कडेला लावून परत येत होते, तेवढ्यात ती टाकीवाली गाडी दारात आली. मागच्या वर्षीचा मार्च. हे पायजम्यावरच धावले, पायात वेलिंग्टन बूट! दीडशे ट्राउट, वीतभर लांबीचे. गाडीवाला पाइप लावून एकदम सोडायला निघाला होता. ह्यांनी ऐकलं नाही. बादली पाण्यात आडवी धरायची आणि मासा आपणहून निघेपर्यंत थांबायचं. एकेक बादली. मी म्हटलं, "अहो, पोळ्या व्हायच्यात अजून." तर म्हणाले, "त्यांचा पहिला दिवस आहे. ढकलायचं कशाला?"

तीन आठवड्यांनी हे गेले.

तेव्हापासून तळ्यावर कुणाला गळ टाकू दिलेला नाही. बगळ्याने नेले, पाणमांजराने नेले. ऐंशी-नव्वद उरले असतील. हा मासा तळ्यात वाढतो, पण पिल्लं होत नाहीत. संपले की संपले.

आज पाणी एकवीस डिग्री. ह्यांच्या पुस्तकात एकविसाखाली पेन्सिलची रेघ आहे. पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते, ट्राउटला श्वास पुरत नाही. शब्दकोश घेऊन दोनदा वाचलं. शाळा माझी सातवीपर्यंत. वाचायला लागले ती पुढे, माझी मीच. पण एवढं कळलं. न कळतं तर बरं होतं.

१७ जुलै

बावीस. एक ढग नाही. रेडिओवाला खुशीत — अख्खा देश समुद्रावर म्हणे!

१८ जुलै, शुक्रवार

नूला आली. तळं तिच्याच शेतातलं, आमच्या घरामागे. ब्याऐंशीची आहे, काठी टेकत आली आणि कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिली. मासे सगळे झऱ्याच्या कोपऱ्यात. थंड पाणी तेवढंच. एकावर एक, तोंडं वर, कल्ले भराभर हलताहेत.

"खायला घालणं आजपासून बंद," म्हणाली. "पचवायलाही हवा लागते त्यांना."

मी दीड वर्ष रोज सकाळी मूठभर दाणे टाकते आहे. हात तसाच पिशवीत राहिला.

"आणि अर्धे काढ. त्या कोपऱ्यात अर्धेच मावतात. नाही काढलेस तर सगळे जातील."

काढ म्हणजे मार. ते काम ह्यांचं होतं. मासे मारायचं दांडकं हॉट प्रेसमध्ये, त्या गरम कपाटात, टॉवेलांच्या मागे आहे, मीच ठेवलं. म्हटलं, "माझ्याने नाही होणार, नूला."

"ग्रँड," म्हणाली, म्हणजे ठीक. "मग बस बघत." आणि गेली!

संध्याकाळी ल्यूकनला राहणाऱ्या पियूषला फोन केला. ह्यांच्या ऑफिसातला. रविवारी गटारी करायला जागा शोधतच होते ते लोक. मी बजावलं, "धराल ते घेऊन जायचं. परत पाण्यात सोडायचं नाही. या उन्हात सोडलेला मासा जगत नाही." तो हसला. "काकू, आम्ही काय सोडणारी माणसं आहोत का! तव्यावरच येतील."

माझ्या हाताने नको, दुसऱ्याच्या हाताने चालेल. असं मनात आलं. आलं ते लिहून ठेवते.

१९ जुलै

पियूषचा फोन. "काकू, उद्या पोरांची मॅच निघाली. पुढच्या रविवारी नक्की." हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

२२ जुलै, मंगळवार

तेवीस. दोन मेले. शेवग्याच्या शेंगेसारखे वाकलेले, ताठ. बागेत पुरले.

सकाळपासून बादलीने पाणी उचलते आणि उंचावरून परत ओतते. तेवढीच हवा मिसळेल. शंभर बादल्या झाल्या, मग मोजणं सोडलं. उजवा खांदा गेला आहे. नूला कुंपणापलीकडून बघत होती. जाताना तिची एक बादली ठेवून गेली — मोठी, हलकी.

२४ जुलै

निशिगंधाचा फोन, ट्रलीहून, दोन ड्यूट्यांच्या मधे. मी बादल्यांचं सांगितलं. तर म्हणाली, "आई, मासे आहेत गं ते. बाबा नाहीत."

मी फोन ठेवून दिला.

नंतर तिचा मेसेज: सॉरी. मी उत्तर दिलं, जेव वेळेवर.

२५ जुलै

साडेतेवीस. आणखी तीन.

२७ जुलै, रविवार. संध्याकाळचे सात



सकाळी सातला या म्हटलं होतं, पाणी गार असताना. आले सव्वाअकराला. तीन गाड्या, बारा माणसं. पियूषची बायको मेधा डबे घेऊन उतरली. मी काठावर पुन्हा सगळं सांगितलं, दांडकं पियूषच्या हातात दिलं, आणि बटाट्याच्या भजीसाठी आत गेले. आठवडाभर उपाशी मासे — गळ पडायचा अवकाश, लागायला लागले. ओरडणं घरात ऐकू येत होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, होतंय माझ्याशिवाय.

दुसरा घाणा काढून बाहेर आले. पियूषची लेक नेत्रा दोन्ही हातांत मासा धरून उभी, सगळे फोटो काढताहेत. मासा तोंड उघडतोय, मिटतोय. "वन मोअर, बाबा, वन मोअर!" मग ती वाकली आणि त्याला पाण्यात सोडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी ओरडले. झारा हातातच होता. "सोडू नका! सांगितलं होतं ना सोडू नका!"

मेधा म्हणाली, "अहो काकू, श्रावण लागला ना परवा! आता मारायचे कसे?"

श्रावण. माझ्या भिंतीवर अजून मागच्या वर्षीचा एप्रिल आहे. नवी दिनदर्शिका बहिणीने पाठवली, ती नळीतून काढलीच नाही. गटारीचा रविवार पुढे गेला, आणि पुढे काय आहे ते मी बघितलंच नाही!

"किती सोडले?"

"पंचवीस-तीस असतील," पियूष म्हणाला. "एकही मारला नाही, काकू. पुण्यच लागेल तुम्हाला. आणि बघा की, कसा पोहत गेला!"

जातो पोहत. जातोच. खाली जाऊन मरतो.

लेकरू माझ्याकडे बघत होतं, रडवेलं झालं होतं. त्यांना भजी वाढली. वाईट माणसं नाहीत. ह्यांच्या वेळी रात्रभर गाडी चालवून आली होती, पियूषने खांदा दिला होता. मेधाने निघताना माझ्या पाठीवर हात ठेवला. "काकू, तुम्ही आता मासे नाही ना खात? बरोबर आहे. आणि उद्या पहिला सोमवार, तुमचा उपास असेल." मी मान हलवली. खात नाही खरं. कुणी सांगितलं नव्हतं. हे गेल्यावर एकदा केले नाहीत, मग केलेच नाहीत. लग्नापासून श्रावणातला एक सोमवार मात्र मोडलेला नाही.

पाचला पहिला वर आला. पांढरं पोट. मग त्याच्यामागे दोन. आत्तापर्यंत अकरा. नूलाने आणि मी जाळीने काढले. ह्यांनी बादली आडवी धरून थांबून थांबून सोडलेले. नूला वाकून वाकून दमली, दगडावर बसली, म्हणाली, "सोडल्याने वाचतात असं नाही गं." माझ्याकडे न बघताच म्हणाली.

उरलेले अजून त्याच कोपऱ्यात. उद्या सव्वीस डिग्री सांगितली आहे.

दांडकं पियूषने पायरीवर ठेवलं होतं. धुतलेलं नव्हतं, धुवायची गरजच पडली नव्हती.

२८ जुलै, सोमवार

पहाटे पाचला गेले. ह्यांच्या रॉडने बावीस धरले. पहिल्याला दोन फटके लागले, बाकीच्यांना एकेक. वीस नूलाच्या फ्रीजरमध्ये. उरलेल्यांना आता कोपरा पुरतो; खाली निवांत बसलेत, वर तोंड काढून कुणी नाही. दोन घरी आणले, हळद-मीठ-तिखट लावून रव्यात घोळवले, तळले. एक नूलाने खाल्ला. एक मी.