हरल्यावर दिलेला शब्द

बॉस्टन, फेब्रुवारी १७८८

प्रिय टेम्परन्स,

मी ठणठणीत आहे. लाल गाय व्याली का?

गावानं मला इथल्या सभेत नव्या राज्यघटनेविरुद्ध मत द्यायला पाठवलं होतं, तसं दिलं. थोड्याच मतांनी हरलो. आता तेरा राज्यांवर एक सरकार येऊ घातलंय. आपलं राज्यही राहील म्हणतात.

मग आमच्याच बाजूचा म्हातारा पीलेग उठला. जिंकलेल्यांना म्हणाला, "हरलो खरं, पण तुम्ही आमचं सगळं ऐकून घेतलंत. आता गावी जाऊन या घटनेच्याच बाजूनं बोलेन." हरलेला माणूस असं बोलतो! माझा ऊर भरून आला.

मीही उठलो आणि तोच शब्द दिला.

बातमी माझ्याआधी पोचेल, गाव चिडेल. दाराला कुणी शेण फासलं, तर तू धुऊ नकोस. मी येऊन धुईन.

तुझाच,
इलायफलेट