ताईसाठी एक बाटली रक्त

३ एप्रिल, सकाळ
ताईचं पंधरा तारखेला ऑपरेशन. घरच्या कुणीतरी एक बाटली रक्त द्यायचंय. भावोजींना शुगर. मी छातीठोकपणे सांगितलं, मी असताना काळजी कसली! ताई फोनवर रडलीच. म्हणाली, बाळ्या, तुझाच आधार. वा! मूड एकदम फर्स्ट क्लास.
निश्चय: आजपासून सुई बंद.

३ एप्रिल, संध्याकाळ
उद्यापासून. पार्टनरने बोलावलं, मन कसं मोडणार? प्रेस बंद पडून माझी नोकरी गेली, तेव्हापासून विचारपूस करणारा तो एकटाच. टोचतोही किती हळुवार! आई गेल्यावर माझा हात असा कुणी धरलाच नव्हता.

६ एप्रिल
खूप विचार केला. एकटा घेतो तो व्यसनी. मी चारचौघांत घेतो. म्हणजे हे निव्वळ स्नेहसंमेलन! डोक्यावरचं ओझं उतरलं. सेलिब्रेट केलं.

९ एप्रिल
पार्टनरला त्याच्या बापाने व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन टाकलं. काय एकेक कमकुवत माणसं! बाकीचेही पांगले.
दुपारी आरशासमोर घेतलं. आत एक, बाहेर एक, झालो की दोघं. सिद्धान्त शाबूत.

१२ एप्रिल
कालपासून कडकडीत बंद! अंग मोडून आलंय, नाक वाहतंय. व्हायरल दिसतंय. शेजारच्या काकू म्हणाल्या, एवढ्या उकाड्यात फुल शर्ट? म्हटलं, इंटरव्ह्यू. गेला महिनाभर रोज इंटरव्ह्यू! काकू जाम इंप्रेस.
रात्री थोडंसं घेतलं. औषध म्हणून.

१४ एप्रिल
रक्तपेढीत ऐटीत गेलो. नर्सला शीर सापडेना. नवशिकी बिचारी. मीच मदत केली. सांगितलं, ही गेली, ती बुजली, डाव्या पायात एक चालू आहे. रबरी पट्टा दातांत धरून झटक्यात बांधूनही दाखवला. तिने थेट डॉक्टरांनाच बोलावून आणलं!
डॉक्टर फार गोड बोलले. पण रक्त नको म्हणाले. घरी सांगितलं, हिमोग्लोबिन जरा कमी. शेवटी रक्त भावोजींच्या ऑफिसातल्या शिपायाने दिलं.

१७ एप्रिल
ऑपरेशन नीट पार पडलं. भेटायला गेलो. ताईने सलाइनच्या हातानेच माझी बाही वर केली. म्हटलं, डास फार झालेत. ती बराच वेळ हात धरून बसली. मग म्हणाली, माझ्यापुरतं तरी रक्त ठेवायचं होतंस रे.
डोळ्यांतून घळाघळा पाणी. व्हायरल अजून उतरलेलं नाही.
उद्या पार्टनरच्या बापाकडे जाऊन केंद्राचा पत्ता विचारायचा. सहजच. पार्टनर तिथे एकटा पडला असेल.