ठोका काढायचा नाही

मी, खाली सही करणारी, एका नाटककाराची विधवा आणि स्वतःच्या हिमतीवर नटी, हे माझ्या मर्जीने लिहून ठेवते. डोकं शाबूत आहे, डॉक्टरांनी तपासलं आहे. कोणी दडपण आणलेलं नाही. आजवर ज्यांनी आणलं, त्यांची दखल पुढे येईलच. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण यापूर्वी मला एवढा राग आलेला नव्हता.

वकीलसाहेबांचं म्हणणं, मृत्युपत्रात फक्त कोणाला काय द्यायचं ते लिहावं. मी म्हटलं, कोणाला काय द्यायचं नाही तेही लिहायचं आहे आणि का, तेही. ते उसासा टाकून लिहायला बसले आहेत.

कलम पहिलं. मी राहते त्या दोन खोल्या, बँकेतली शिल्लक आणि कपाटातलं सोनं माझ्या भाचीला मिळावं. ती दातांची डॉक्टर आहे. तिला गाता येत नाही आणि येत नाही हे तिला माहीत आहे. आमच्या घराण्यात हा गुण दुर्मीळ आहे. हे मृत्युपत्र अमलात आणायचं कामही तिचंच. ती रोजच दाढा उपटते, तेव्हा दिरांशी बोलायला तिला जड जाऊ नये.

कलम दुसरं. ऑर्गन. आमच्या नाटक कंपनीच्या थिएटरात आता सोफ्यांचं दुकान आहे. रंगमंचावर महागाचे सोफे, खाली प्रेक्षागृहात स्वस्तातले. दुकानदार भला माणूस आहे. मी तिथे गेले की रंगमंचावरचा एक सोफा सरकवतो आणि म्हणतो, "उभ्या राहा बाई, हवं तेवढा वेळ." ऑर्गन अजून रंगमंचापुढच्या खड्ड्यात, आमचे वाजवणारे मास्तर बसायचे तिथेच आहे. तो दुकानदाराला द्यावा. अट एकच, तिथून हलवायचा नाही. दिरांनी तो आपल्या बंगल्याच्या दिवाणखान्यात शोभेला मागितला होता. "वहिनी, आमच्याकडे त्याची कदर होईल," म्हणाले. तुमची कदर मी पाहिली आहे, भाऊजी.

ती कशी पाहिली ते आता सांगते, म्हणजे पुढची कलमं वाचताना कोणी मला खवट म्हातारी म्हणणार नाही. म्हटलं तरी हरकत नाही.

माझ्या यजमानांनी एकच नाटक असं लिहिलं, की ज्यावर कंपनी जगली. त्यातली पदंही त्यांचीच, चालीही त्यांच्याच. शेवटच्या अंकात नायिका जिन्याच्या पायरीवर एकटी बसते. नवरा गेलेला आहे, येणार नाही हे तिला कळलेलं आहे. ती एक पद म्हणते आणि पडदा पडतो. ते पद मी उभं आयुष्य म्हटलं. लोक पुन्हा म्हणायला लावायचे, मी पुन्हा म्हणायचे.

ऑर्गनवाले मास्तर खड्ड्यात रंगमंचाला लागून, मान खाली घालून बसत आणि त्यांना कानांनी कमी ऐकू येई. वाजवत मात्र असे, की दुसरा कोणी मला चालला नसता. म्हणून आमची एक रीत पडली. दुसरं कडवं उचलायच्या आधी मी मनाला येईल तेवढी थांबायचे आणि मग टाचेने रंगमंचाच्या फळीवर एक ठोका द्यायचे. मास्तरांचा गुडघा फळीला टेकलेला असे. त्यांना तो गुडघ्यात कळायचा आणि ते सूर धरायचे. लोकांना वाटे, बाई दुःखाने पाय आपटतात. बाई मास्तरांना उठवत असत.

मग धाकट्या दिरांना चित्रपट काढायचा झटका आला. यजमानांनी आपल्या भावाला तोंडी परवानगी दिली, मला न विचारता. दिरांनी नाटक उघडलं आणि गादीतला कापूस काढावा तसं आतलं काढत सुटले. पदं निम्मी केली. शेवटी नवऱ्याला परत आणला. पायरीची नाव केली.

"पायरीवर बसून गाणं पडद्यावर चालत नाही, वहिनी," ते म्हणाले. "तिथं हालचाल पाहिजे. पाणी पाहिजे."

"जो येणार नाही त्याची ती वाट बघतेय," मी म्हटलं. "तिनं कुठं जायचं नावेतून?"

"बघणाऱ्याला बरं वाटतं."

नायिका म्हणून त्यांनी एक कोवळी पोर आणली. दिसायला देखणी, बोलायला भित्री. मी तिला बाहुली म्हणायचे आणि पुढे सगळ्यांनी तेच नाव उचललं. दिरांनी मला सांगितलं, "तिला पद शिकायला नमुना हवा. तुम्ही रिकाम्या थिएटरात एकदा म्हणा, यंत्र लावून आवाज भरून घेतो. फक्त शिकण्यापुरतं." मी म्हटलं. मास्तर खड्ड्यात होते, पायांत माझे लाकडी टाचांचे जोडे होते, ठोका सवयीने पडला.

चित्रपटाच्या पहिल्या खेळाला मी आणि यजमान शेजारी बसलो होतो. पडद्यावर नाव आली, नावेत बाहुली आली, तिचे ओठ हलले आणि माझा आवाज आला. ठोक्यासकट. थिएटर उठून टाळ्या वाजवत होतं. मी शेवटपर्यंत नावांच्या पाट्या वाचत राहिले. गायिका आणि अभिनेत्री म्हणून बाहुलीचं नाव होतं. माझं कुठेच नव्हतं, अगदी 'आभार' म्हणूनसुद्धा नव्हतं. मी यजमानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "जाऊ दे गं. घरातलीच गोष्ट आहे."

त्यानंतर आमचं नाटक पाहायला येणारे मला म्हणायचे, तुम्ही सिनेमातल्यासारखं छान म्हणता हो. थोड्याच दिवसांत तेही येईनासे झाले. कंपनी बसली आणि रंगमंचावर सोफे आले.

दिरांची मुलाखत घ्यायला कोणी गेलं की त्या ठोक्याबद्दल हमखास विचारतात. दीर डोळे मिटून सांगतात, "ते वल्हं आहे. नावेच्या कडेला आपटलं. मी मुद्दाम ठेवलं. एकटेपणाचा आवाज आहे तो." या वल्ह्यावर त्यांना मानसन्मान मिळाले आहेत. जाणकारांनी त्यावर लेख लिहिले आहेत. माझी टाच त्यांनी आयुष्यभर विकून खाल्ली.

कलम तिसरं. माझ्या दिरांना मी दोन वस्तू देते. एक, थिएटरच्या पहिल्या रांगेतली, मी ठेवून घेतलेली ती खुर्ची, जिची स्प्रिंग वर आलेली आहे. दोन, यजमानांची मोठी तसबीर. ती खुर्चीसमोर टांगावी. दोघा भावांनी एकमेकांकडे बघत बसावं आणि जाऊ दे, जाऊ दे म्हणावं. मी पाहायला नसेन, एवढीच चुटपुट आहे.

कलम चौथं. माझ्या शोकसभेत दिरांना बोलू देऊ नये. ते फार सुंदर बोलतात आणि नेमक्या जागी त्यांचा गळा दाटतो. मागे मास्तरांच्या शोकसभेत त्यांनी सगळ्यांना रडवलं होतं. मास्तरांचं नाव मात्र चुकीचं घेतलं होतं.

कलम पाचवं, ज्यासाठी हा सारा खटाटोप आहे. नाटक आणि त्यातली सगळी पदं यांचे हक्क यजमानांनी जाताना माझ्या नावे केले. तेवढं एक शहाणपण त्यांनी केलं. दिरांकडे फक्त जुना चित्रपट आहे.

मागच्या महिन्यात पुतण्या, म्हणजे दिरांचा मुलगा, मिठाईचा खोका आणि करारपत्र घेऊन आला. त्याला या नाटकाचा नवा चित्रपट काढायचा आहे. नटी नवी, पण पद तेच जुनं, माझ्या आवाजातलं घालणार. नाटकाच्या हक्कासाठी माझी सही हवी होती. त्याने फोन माझ्या कानाशी धरला.

"ऐका काकू. आवाज कसा लख्ख केलाय बघा."

मी ऐकलं. दुसरं कडवं आलं. मी तेव्हा थांबले होते तशीच ऐकतानाही थांबले आणि ठोका न पडताच सूर सुरू झाला.

"ठोका कुठं गेला?" मी विचारलं.

"काढला ना! यंत्राने काढता येतो आता. कचरा होता तो."

"तुझे बाबा तर वल्हं म्हणतात."

तो हसला. "बाबा काय, काहीही सांगतात."

म्हणजे पोराला ठाऊक होतं की वल्हं खोटं आहे. खरं काय ते विचारावं, असं त्याला वाटलं नाही. त्या साऱ्या चित्रपटात माझं म्हणून एवढंच उरलं होतं, तेही याने केर काढावा तसं काढलं. मी सही केली नाही. मिठाई मात्र ठेवून घेतली.

तर नाटकाचे आणि पदांचे हक्क मी भाचीला देते, या अटींवर. पुतण्याला चित्रपट काढायचा असेल तर खुशाल काढावा. पद जसंच्या तसं, ठोक्यासकट वाजावं. ते सुरू होण्याआधी पडदा काळा करावा आणि गाणारीचं, म्हणजे माझं, आणि मास्तरांचं नाव बिनचूक लिहून, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला वाचून होईल इतका वेळ ठेवावं. नायिकेला पायरीवर बसवावं. नवऱ्याला परत आणू नये. पहिल्या खेळाला दिरांना पहिल्या रांगेत मधोमध बसवावं आणि त्यांचं ऐकण्याचं यंत्र चालू आहे ना, हे भाचीने स्वतः बघावं. यातली एकही अट मोडली तर परवानगी रद्द. पुतण्याने मग पाहिजे तर वल्ह्यावर चित्रपट काढावा.

कलम सहावं. माझे लाकडी टाचांचे जोडे बाहुलीला द्यावेत. तिने ते घालून एकदा तरी स्वतःचा ठोका वाजवून बघावा. (हे कलम रद्द केलं आहे. कारण खाली.)

आज सह्या करायला बसलो. साक्षीदार म्हणून डॉक्टर आणि दुकानदार असे दोघे ठरले होते. वकीलसाहेबांनी दुकानदाराला उठवलं. "तुम्हाला ऑर्गन मिळतोय. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही."

बाहुली कोपऱ्यात बसली होती. जोड्यांचं सांगायला भाचीने तिला बोलावलं होतं. मला ते पसंत नव्हतं. तिचे केस माझ्याहून पांढरे झाले आहेत. पहिल्या खेळानंतर आम्ही एकमेकींशी बोललेलो नव्हतो. तिने सगळा मजकूर वाचायला मागितला. मी म्हटलं, वाचू दे, जरा टोचू दे. तिने तो चष्मा पुसत पुसत वाचला.

"मी राहते साक्षीदार," ती म्हणाली.

वकीलसाहेब म्हणाले, "नाही जमणार. जोडे तुमच्या नावावर आहेत."

"मग जोडे नकोत मला. खोडा ते कलम."

"आता कशाला?" मी विचारलं. "इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का?"

"हो," ती म्हणाली. "त्यांच्या करारात तसं लिहिलं होतं. आधी कराराची भीती होती. नंतर लाज वाटायची. लोक गा म्हणायचे, मी घसा बसलाय म्हणायचे. बाई, माझा घसा आयुष्यभर बसलेला आहे."

हिच्यावरही मी रागच धरला होता आणि तो असा अचानक कुठे ठेवायचा ते कळेना. शेवटी तो दिरांच्या खात्यात घातला. तिथे अजून बरीच जागा होती.

म्हणून कलम सहावं रद्द. जोडे मला जाताना घालावेत.

सही: नाटकवाली बाई. खरं नाव शिक्क्याखाली पूर्ण लिहिलं आहे. तेच पडद्यावर घ्यावं.
स्थळ: सोफ्यांचं दुकान, रंगमंच.
दिनांक: वकीलसाहेबांनी शिक्क्यात घातला तोच.

साक्षीदार पहिले, डॉक्टर: बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. रक्तदाब वाढलेला आहे, कारण मजकुरात आहे.

साक्षीदार दुसरी, बाहुली: बाईंनी माझ्यासमोर सही केली. वकीलसाहेब म्हणतात, एवढं पुरे. पण मी आणखी लिहिते. ते पद बाईंनी म्हटलेलं आहे. मी फक्त ओठ हलवले. नाव पाण्यात नव्हती, कोरड्या जमिनीवर होती आणि दोन माणसं ती हलवत होती. तिला वल्हं नव्हतंच. आणि मी अनवाणी होते.