टॅक्सीचं इंजिन चालू करू नका

बाबा,

टॅक्सीवाले काका आले तरी त्यांची गाडी चालू करू नका. तुम्ही जेवायला गेल्यावर मी क्रँक हाताने फिरवून पाहिला, तर तो एका जागी अडकत होता. म्हणून ऑइल चेंबर पुन्हा उतरवला. दुसऱ्या आणि तिसऱ्या कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांची अदलाबदल झाली होती. ओळखू याव्यात म्हणून तुम्हीच पंचाने मारलेले ठिपके स्पष्ट दिसत होते. निदान मला तरी. काका तसेच निघाले असते, तर इंजिन वाटेतच बसलं असतं.

एका बेअरिंगवर ओरखडा आलाय. नवं आणायला जातेय. काकांना सांगा, सामान यायचंय. ते खोटंही नाही.

उजेड कमी होता, असं म्हणू नका. वरचा दिवा मीच परवा बदललाय. आणि आज भांडायचं त्राण माझ्यात नाही.

आईला मी काही बोलले नाहीये. तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय, हे तुम्हीच तिला सांगा. तोवर टोप्या बसवताना मला हाक मारत जा. ठिपके मी बघेन, नट तुम्ही आवळा. तो अंदाज मला अजून येत नाही.