भिंतीतले चार ओहम

४ डिसेंबर

हीटर लावला की खोलीतला दिवा मान टाकतो! आजही तेच. दादा म्हणतो, "तुझा हीटरच जुनाट." जुनाट कसला, चांगला नवा आहे — संसार मोडून माहेरी आले तेव्हा तिकडून आणलेली एकमेव धड वस्तू. वहिनीचं नेहमीचं, "वन्सं, जरा ॲडजस्ट करा की." आल्यापासून दुसरं काय करतेय?

६ डिसेंबर

शाळेच्या प्रयोगशाळेतून मीटर मागून आणले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "फोडू नका म्हणजे झालं." इतकी वर्षं पदार्थविज्ञान शिकवतेय, एक परीक्षानळीसुद्धा फोडली नाही. असो.

हीटर बंद असताना २३० व्होल्ट. चालू केला की २०२! प्रवाह ७ अँपिअर.

पोरांना फळ्यावर रोज घोकून घेते तेच केलं. व्होल्टला अँपिअरनं भागायचं — रोध. गुणायचं — शक्ती. हीटरचा रोध जवळजवळ एकोणतीस ओहम, शक्ती चौदाशे वॉट. म्हणजे हीटरला काहीही झालेलं नाही. मग मधले अठ्ठावीस व्होल्ट गेले कुठे? तारेत! अठ्ठावीस भागिले सात, चार ओहम. एवढ्याशा तांब्याच्या तारेला अर्धासुद्धा नको. आणि अठ्ठावीस गुणिले सात — एकशे शहाण्णव वॉट. म्हणजे भिंतीत कुठेतरी, बहुतेक एखाद्या सैल जोडात, शंभराच्या दोन बल्बांइतकी उष्णता कोंडून राहतेय.

आणि तार वर माझ्या खोलीत येते ती खालच्या, बाबांच्या खोलीतून.

७ डिसेंबर

जेवताना दादाला सांगितलं. तोंडातला घास न थांबवता म्हणाला, "दिवा लागतो ना? पंखा फिरतो ना? मग! शाळा शाळेत ठेव." वहिनी भांडी उचलता उचलता, "वन्संना आता भिंतीतसुद्धा भानगडी दिसायला लागल्या." टोमणा बरोबर लागायचा तिथे लागला.

बाबा पलंगावरून ऐकत होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची एक बाजू गेलीय, जीभ जड झालीय, कधीतरी कष्टानं एखादा शब्द. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा मात्र चांगली चालायची! "शिकून काय दिवे लावणार आहेस?" पुढे पाठवलं दादाला. तो नापास होऊन परत आला. त्याला कुणी काही विचारलं नाही.

८ डिसेंबर

दादाचा मित्र येऊन गेला, कारखान्यात फोरमन आहे. बोर्डात टेस्टर खुपसला, टेस्टरचा दिवा लागला. "सप्लाय ओके!" चहा पिऊन गेला. रोध टेस्टरला दिसत नाही हे कुणाला सांगू? भिंतीलाच सांगते.

९ डिसेंबर

शाळेतून आल्याआल्या वर हीटर लावला आणि खाली येऊन बाबांच्या खोलीतली भिंत चाचपली. त्यांच्या उशालगतच एक जागा — गरम! धावत वर जाऊन हीटर बंद केला.

पलंग भिंतीपासून ओढायला गेले, तर बाबांनी चालत्या हातानं माझं मनगट धरलं. मान जोरजोरात हलवली — नाही, नाही! अजूनही मुलाचीच बाजू! जीव गेला तरी चालेल, पण लेकीचं खरं व्हायला नको! संतापानं पलंग ओढलाच.

१० डिसेंबर

हीटर बंद. थंडी हाडांत शिरतेय. बाबा सारखे कण्हतात, माझ्याकडे बघत नाहीत. न का बघेनात!

११ डिसेंबर

शाळेचं वायरिंग करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला घेऊन आले. दादा कामावर होता. वहिनीनं लगेच फोन लावला आणि माझ्या कानाशी धरला. "माझ्या भिंतीला हात लावलास तर याद राख!"

मी इलेक्ट्रिशियनला म्हटलं, "फोडा."

प्लॅस्टर निघालं. आत जोड नुसता पिळून ठेवलेला. तार काळीठिक्कर, मागची लाकडी पट्टी जळून कोळसा. त्यानं बोटानं कोळसा खरवडून पाहिला. मग म्हणाला, "बाई, हे पेटलं कसं नाही?" वहिनीच्या हातातला फोन तसाच. आतून दादाचं ओरडणं चालूच!

१३ डिसेंबर

काम झालं. पुन्हा मोजलं. हीटर चालू असताना २२७ व्होल्ट, प्रवाह आठाच्या जवळ. तारेचा रोध अर्ध्या ओहमच्या आत! एकटीच खोलीत हसले.

खाली दादा शेजाऱ्यांना सांगत होता, "मला केव्हापासूनच शंका होती." वहिनीची पुस्ती, "वन्संच्या हीटरनं झालं हो सगळं."

बाबांचा पलंग परत भिंतीशी लावला. त्यांनीही चकार शब्द काढला नाही. काढतील अशी आशा होती, हेच चुकलं.

१४ डिसेंबर

संध्याकाळी बाबांना औषध द्यायला गेले. वर हीटर चालू होता. त्यांनी तळवा भिंतीला लावला. थोडा सरकवला, पुन्हा लावला. मग कष्टानं म्हणाले, "गार."

"हो बाबा, आता गारच राहणार. काही भीती नाही."

त्यांनी हात पांघरुणात ओढून घेतला. बोटं निळसर पडली होती. त्या दिवशी याच हातानं माझं मनगट धरलं होतं.

घरात हीटर एकच आहे. माझ्या खोलीत.