गट नसतो म्हणणाऱ्या साडूभाऊंस

साडूभाऊ लखीरामजी यांस शेलूबाजारहून मारोतरावाचा रामराम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, असं साधनाबाईंनी फोनवर सांगितलं. ऐकून बरं वाटलं. कॉलेजात तुम्ही शिकवता त्या तत्त्वज्ञानाच्या प्रकृतीची चौकशी करत नाही. ते ठणठणीत असणार, कारण त्याचं दुखणं सगळं आमच्या अंगावर आलं आहे. (पत्र शुद्ध भाषेत सुरू केलं आहे. मधे कुठं वऱ्हाडी आली तर समजा, तिथं मले राग आला.)

दिवाळीत आमच्या ओट्यावर बसून तुम्ही आमच्या भाजीपाला गटाच्या आठही जणांना जे ज्ञान दिलंत, ते आठवतं ना? शंभराहून जास्त वर्षांपूर्वी जर्मनीत एका गणित्यानं सगळे आकडे 'वर्ग' नावाच्या पायावर उभे केले. ग्रंथ छापून होत आला आणि विलायतेतून एकाचं पत्र आलं, की जे वर्ग स्वतःचेच सभासद नाहीत त्यांचा एक वर्ग करा. आता तो स्वतःचा सभासद आहे का? हो म्हटलं तर नाही निघतं, नाही म्हटलं तर हो. बिचाऱ्याचा पायाच खचला. पुढं त्या पत्रवाल्यानंच तोडगा काढला, की वर्ग मुळी मानायचेच नाहीत, ती नुसती बोलायची सोय. इथवर ठीक होतं. पण तुम्ही चहाची बशी खाली ठेवून म्हणालात, "तुमचा गटही तसाच. माणसं आठ आहेत, नववं काही नाही." (मी तीस वर्षं शाळेत महिरपी कंसात आंबे घालून संच शिकवले. एकाही आंब्यानं तक्रार केली नाही.)

आमच्या गटात फुलकोबीवाला गोपीचंद आहे. त्यानं जन्मात कोणाचं ऐकलं नाही, तुमचं नेमकं ऐकलं. गटाला सरकारी योजनेतून शेडनेट, म्हणजे सावलीच्या जाळीचं घर, मिळालं आहे, त्यात मिरची-वांग्याची रोपं, आणि पाणी द्यायच्या पाळ्या ठरलेल्या. गोपीचंदनं त्याची पाळी सरळ सोडली. मी विचारायला गेलो, तर बाजेवर पडल्या पडल्या म्हणाला, "शेडनेट कोनाचं? गटाचं. गट हायेच नाही तर मी पानी कोनाच्या झाडाले देऊ?" दोन दिवसांत बाकीच्यांनाही हे पटलं. कष्ट वाचवणारं तत्त्वज्ञान आमच्याकडे फार लवकर पटते.

मी सभा बोलावली. गट आहे हे सिद्ध करायला रजिस्टर दाखवलं. गोपीचंद म्हणाला, हे तर रजिस्टर. शिक्का दाखवला, म्हणाला, हे रबर. हायवेवरची पाटी दाखवली. म्हणाला, हे टीन. शेवटी समोर बसलेली माणसंच दाखवली. तर म्हणाला, हा बबनराव, हा मी, यात गट कोनता? मग जे नाही त्याचं सभासद कसं राहायचं, म्हणून सात जणांनी राजीनामे दिले. गंमत पाहा, सातही राजीनामे गटाच्याच नावानं लिहिलेले, आणि खाली प्रत्येकानं पोच मागितलेली. काहून मागता बाप्पा, देनारा कोन हाय?

राहिलो मी एकटा. तेवढ्यात योजनेच्या तपासणीला साहेब आले आणि त्यांनी गट कुठं आहे विचारलं. मी पुढं झालो. "म्हणजे तुम्हीच गट?" मी त्यांना शांतपणे समजावलं, की एकाच सभासदाचा गट आणि तो सभासद या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गटाला एक सभासद आहे, मला एकही नाही. गट सात वर्षांचा आहे, मी अडुसष्टचा. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, 'गट अस्तित्वात नाही.' ज्या प्रश्नात तुमच्या विलायतेतल्या विद्वानांच्या पिढ्या खपल्या, तो त्यांनी बॉलपेननं अर्ध्या ओळीत उडवला. त्यांना पदवीही लागली नाही. रोपं तोवर वाळून काड्या झाली होती. ती मात्र होती, साडूभाऊ. एकूणएक मोजता येत होती.

साधनाबाईंना नमस्कार सांगा. तुम्हालाही आहे, रीत म्हणून.

आपला,
मारोतराव

ता.क. निकालावर अपील करता येतं म्हणतात. तरी गट, वर्ग इत्यादी वस्तू खरोखर असतात, असा एक दाखला कॉलेजच्या लेटरहेडवर लगेच पाठवावा. तुमचं मत मधे येऊ देऊ नये.

ता.क. २. दाखला राहू द्या. पत्र टाकायला निघालो तर कळलं, शेडनेट बायांच्या गटाला दिलं. त्यात आमची घरधनीण गोजरा आणि आणखी नऊ जणी आहेत. नवी रोपं वीतभर झाली आहेत. मी विचारलं, तुमचा गट खरंच आहे का? ती म्हणाली, "ते मले नाही मालूम. आज पान्याचा नंबर भागिरथाबाईचा हाय." आता मला मिरचीची दोनशे रोपं पाहिजेत आणि बाहेरच्याला देत नाहीत. साधनाबाईंनी बहिणीजवळ माझ्यासाठी शब्द टाकावा, आता एवढ्यासाठीच हे पत्र टाकतो आहे. मी स्वतः बोलून पाहिलं. म्हटलं, तुह्या घरचा मानूस बाहेरचा कसा? भाकर थापता थापता म्हणाली, "आतल्याइची यादी हाय. त्यात तुमचं नाव नाही."