दम कोंडण्याची तालीम

१७ एप्रिल २०१६
रुद्राणीने आज हट्टच धरला — परीक्षा संपली की मालवण, आणि समुद्रात बुडी! मैत्रिणीचे फोटो दाखवले. प्रवाळ, रंगीत मासे. निवांत काम म्हणे — पाठीवर हवेची टाकी, सोबत माणूस, वीस मिनिटं. लातुरात पाणी रेल्वेने येतंय आणि आमची लेक निघाली समुद्राच्या तळाला! मी लगेच हो म्हटलं. बायको, शिवकांता, उठून स्वयंपाकघरात गेली. तिचं असं उठून जाणं मला कधीच झेपलेलं नाही.

२० एप्रिल
पोरीला पोहता येत नाही. शिकवायला पाणी कुठाय? गावी मुरुडला आमची विहीर कोरडीठाक. पण शिकवणारा मी आहे! त्याच विहिरीत पाच परस, तीसेक फूट, खाली जाऊन अख्ख्या आळीच्या बुडालेल्या कळशा काढल्यात मी. अर्धं काम दमाचं असतं, आणि दम कोरड्यातही शिकवता येतो. तिला बाजेवर निजवलं, नाक धरायला लावलं, घड्याळ माझ्या हातात.
बावीस सेकंद. हसायलाच लागली.

२६ एप्रिल
अठ्ठेचाळीस.

१ मे
दुकानात दिवसभर उदगीर जिल्हा होणार की नाही याच्याच गप्पा. घरी आलो, पोरीने सत्तर सेकंद काढले! शेजारच्या संगप्पाला मुद्दाम बोलावून दाखवलं. तिच्या कपाळाची शीर फुगलेली बघून शिवकांता म्हणाली, "तुमच्या विहिरीचं तिला कशाला शिकवून राहिलात? तिथली माणसं शिकवतील की."
मी कानाडोळा केला. रुद्राणीकडून एकच घोकून घेतलंय — भीती वाटली की दम कोंडायचा, तळाला पायाने रेटा मारायचा, सरळ वर यायचं. झोपेतून उठवलं तरी सांगेल.

५ मे
मालवणच्या बोटवाल्याचा फोन. माणूस सभ्य वाटला. म्हणाला, पाण्याखाली श्वास सारखा चालू ठेवायचा. वर येताना तर अजिबात रोखायचा नाही, टाकीतली हवा छातीत फुगते. मी हो हो केलं. विहिरीत कधी कुणाची छाती फुगली?
रुद्राणीला सांगितलं नाही. नव्वद सेकंदांवर आलेल्या पोरीला आता उलटं सांगायचं म्हणजे तिचा गोंधळ. आणि माझं हसं! शिवकांतेलाही नाही बोललो. पण आत कुसासारखं काहीतरी टोचतंय.

८ मे
फोनचं सांगावं असं दोनदा मनात आलं. पोरगी गुणगुणत बॅग भरत होती. राहू दिलं.

१२ मे, मालवण
एवढं पाणी! रुद्राणी आईशेजारी वाळूत बसून नुसती बघत होती. बोटवाल्याने तिला उथळ पाण्यात श्वास चालू ठेवायला शिकवलं. ती मधेच माझ्याकडे बघायची — यांचं ऐकू की तुमचं? मी डोळ्यांनीच खुणावलं, आपलं ते आपलं.
उद्या सकाळी आठला बोट. मला भीती वाटतेय. हे फक्त इथे लिहितो.

१४ मे, दवाखाना
काल खाली मजेत होती म्हणे. मासे दाखवत होती. मग डोळ्यांवरच्या काचेत पाणी शिरलं. सोबतच्या माणसाने तिला घट्ट धरलं, तिने त्याला झटकलं, तोंडातली नळी काढली आणि तळाला रेटा मारून सरळ वर आली. तोंडातून रक्त. बोटीवर मी तिचं नाव घेत राहिलो, ओळखलंसुद्धा नाही तिने.
डॉक्टरांनी शिवकांतेला विचारलं, "श्वास रोखून वर यायला हिला कुणी सांगितलं?"
मी म्हणालो, "मी." मग फोनचंही सांगितलं. शिवकांता तिथून उठून पोरीच्या खाटेजवळ गेली.

१५ मे
सकाळी शुद्धीवर आली. मला जवळ बोलावलं. म्हणाली, "अप्पा, लई भ्याले मी. पण तुम्ही सांगितलं तसंच केलं."
सव्वाअकराला गेली.